रविवार गावाचा, सोमवार कॅडीचा

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या गावी रविवारी पोहोचलेल्या गोल्फरची फजिती ठरलेली असते. हजारो मैलांचा प्रवास, खांद्यावर चौदा क्लबांची जड बॅग, डोळ्यांत जगातल्या सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या, नावाजलेल्या ओल्ड कोर्सचं स्वप्न. आणि समोर पाहावं तर फेअरवेवर बाबागाड्या चालल्यात. कुणाचा कुत्रा चेंडूमागे धावतोय, पण तो चेंडू गोल्फचा नाही. ओढ्यावरच्या स्विल्कन पुलावर फोटोसाठी रांग लागलीय. एक आजोबा अठराव्या होलच्या हिरवळीकडेनं पाय मोकळे करत निघालेत. रखवालदार नाही, तिकीट नाही, कुंपणसुद्धा नाही.

ओल्ड कोर्सवर रविवारी खेळ बंद असतो. एखादी मोठी स्पर्धा असेल तर गोष्ट वेगळी, एरवी रविवार गावाचा. मैदानाला विसावा आणि माणसांना फिरायला मोकळी जागा. बाकीचे सहा दिवसही गाव पूर्णपणे हटत नाही. ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाचा एक सार्वजनिक रस्ता पहिल्या आणि अठराव्या होलच्या फेअरवेला सरळ छेदून समुद्राकडे जातो. जगज्जेता खेळाडू क्लब उगारून उभा असतो आणि पुळणीवर निघालेलं एखादं कुटुंब टॉवेल-बादल्या घेऊन समोरून रस्ता ओलांडतं. थांबायचं कुणी, हा प्रश्न तिथं पडत नाही. खेळाडू थांबतो.

पाहुण्याला याचं नवल वाटतं, विशेषतः भारतातून गेलेल्याला. आपल्याकडे गोल्फ म्हटलं की उंच भिंत, मोठं फाटक आणि सदस्यत्वाची वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी डोळ्यांसमोर येते. सेंट अँड्र्यूजमध्ये समोर पसरलेलं असतं ते चक्क गावचं गायरान.

सशांचा खटला

समुद्र मागे हटला की किनारा आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूचा एक उंचसखल पट्टा उरतो. त्यात नांगर चालत नाही. वाऱ्यानं वाळूचे उंचवटे होतात, त्यांवर बारीक, चिवट गवत धरतं. या पट्ट्याला स्कॉटलंडमध्ये ‘लिंक्स’ म्हणतात. पिकाच्या कामाची नाही म्हणून ही जमीन सगळ्यांची. तिथं मेंढरं चरायची, बायका ओढ्यावर कपडे धुवायच्या, पोरं दंगा करायची आणि रिकामी माणसं काठीनं चेंडू टोलवायची. खेळाचं वेड इतकं वाढलं, की 1457 साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं फुटबॉलबरोबर गोल्फवरही बंदी घातली. तरुणांनी तिरंदाजीचा सराव करावा, अशी राजाची इच्छा होती. बंदी फारशी कुणी मनावर घेतली नाही.

1552 साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी गावाशी करार केला. लिंक्सवर ससे पाळण्याचा हक्क आर्चबिशपचा, आणि त्याच जमिनीवर गोल्फ, फुटबॉल खेळण्याचा हक्क गावकऱ्यांचा. एकाच कागदावर ससे आणि गोल्फ आले, आणि पुढे अडीचशे वर्षांनी त्यावरूनच तंटा पेटला. 1797 साली गावाच्या तिजोरीत खडखडाट झाला. दोन वर्षांत लिंक्स सशांचा व्यापार करणाऱ्या डेम्पस्टर घराण्याच्या हाती गेली. सशांनी बिळं करून जमिनीची चाळण केली. चेंडू ग्रीनवर जाण्याऐवजी बिळात जाऊ लागला. गोल्फर कोर्टात गेले, गावकऱ्यांनी ससे मारले, मालकांनी पुन्हा सोडले. वर्षानुवर्षं हे चाललं. अखेर 1821 साली स्ट्रॅथटायरमच्या जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदारानं लिंक्स विकत घेतली, तेव्हा कुठे सशांचं राज्य संपलं. 1894 साली पार्लमेंटच्या कायद्यानं ही जमीन पुन्हा गावाची झाली. 1974पासून एक सार्वजनिक ट्रस्ट तिचा कारभार पाहतो.

आज त्या ट्रस्टकडे सात कोर्स आहेत. ओल्ड कोर्सला लागून असलेल्याचं नाव ‘न्यू कोर्स’, आणि तो बांधला 1895 साली. शंभर वर्षांच्या पुलाला अजून ‘नवा पूल’ म्हणणाऱ्या पुणेकरांना यात काही वावगं वाटायचं कारण नाही.

गावकऱ्याला वर्षभराचा पास मिळतो तो पाहुण्याच्या एकदोन फेऱ्यांच्या पैशांत. पाहुण्याला हंगामात ओल्ड कोर्सवरच्या एका फेरीसाठी तीनशे पौंडांहून जास्त मोजावे लागतात, आणि एवढे पैसे खिशात असले तरी जागा मिळेलच असं नाही. दोन दिवस आधी सोडतीत नाव घालायचं आणि निकालाची वाट पाहायची. कंपनीचा अध्यक्ष असो की सुट्टी काढून आलेला शाळामास्तर, चिठ्ठी दोघांची सारखीच. नाव निघालं नाही तर गावातल्या बाकीच्या सहा कोर्सांवर मन रमवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिठ्ठी टाकायची.

माप फक्त भोकाला

नाव निघालेल्या भाग्यवंताला पहिल्या टीवर उभं राहिल्यावर पहिला धक्का बसतो तो मैदानाच्या साधेपणाचा. झाड नाही. कारंजं नाही. समोर पहिल्या आणि अठराव्या होलची मिळून एकच सपाट, अजस्र हिरवळ, इतकी रुंद की चेंडू तिच्याबाहेर घालवायला खास कौशल्य लागावं. पाठीमागे रॉयल अँड एन्शंट क्लबच्या खिडक्या आणि रस्त्यावर उभे असलेले रिकामटेकडे बघे. पहिल्या फटक्याला हात थरथरतात ते या बघ्यांमुळे.

क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची, मग ती लॉर्ड्सवर असो की शिवाजी पार्कवर. कबड्डीचं अंगण मापाचं, टेनिसचं कोर्ट मापाचं. गोल्फमध्ये माप आहे ते ग्रीनवरच्या भोकाला: व्यास सव्वाचार इंच. बाकी लांबी किती, वळण कुठे, चढ किती, वाळूचे खड्डे कुठे, हे सगळं त्या त्या जमिनीवर सोडलेलं. एका फेरीत अठरा होल असतात, तेही इथल्या जमिनीच्या सोयीनं. 1764पर्यंत सेंट अँड्र्यूजच्या फेरीत बावीस होल होते. समुद्राकाठानं जाताना अकरा होल खेळायचे आणि परतताना त्याच वाटेनं तेच अकरा. सुरुवातीचे चार होल फारच छोटे वाटले म्हणून त्यांचे दोन केले. जाताना दोन कमी झाले, येतानाही दोन कमी झाले. उरले अठरा. पुढे हाच आकडा जगभर गेला.

या जाण्यायेण्याच्या खुणा कोर्सवर अजून आहेत. सात ग्रीन दुहेरी आहेत, एकेका ग्रीनवर दोन भोकं. जाणाऱ्यांचा झेंडा पांढरा, परतणाऱ्यांचा लाल. जोडीच्या होलांचे क्रमांक मिळवले की बेरीज नेहमी अठरा: दुसरा सोळाव्यासोबत, पाचवा तेराव्यासोबत. पाचव्याची ग्रीन तर एवढी ऐसपैस, की तिच्या एका टोकाला चेंडू पडला आणि झेंडा दुसऱ्या टोकाला असला तर आधी चालत जाऊन अंतर बघून यावं लागतं.

पुण्यामुंबईच्या गोल्फरची खरी शाळा सुरू होते ती चेंडू जमिनीला टेकल्यावर. आपल्याकडच्या मऊ हिरवळीवर चेंडू उंच उडवून झेंड्याजवळ टपकवायची सवय असते. लिंक्सची जमीन टणक. चेंडू पडतो तिथं थांबत नाही. उसळतो, घरंगळतो, दिसेनासा होतो आणि शेवटी एखाद्या खोल खड्ड्यात जाऊन बसतो. असे एकशे बारा बंकर ओल्ड कोर्सवर आहेत. वाऱ्यापासून अंग चोरून बसणाऱ्या मेंढरांनी हे खड्डे केले, असं सांगतात. काही इतके लहान, की आत माणूस आणि त्याचा संताप एवढंच मावावं. शेवटी बॅग वाहणारा कॅडी सांगतो ते ऐकावं लागतं: उंच मारू नका, झेंड्याच्या तीस यार्ड अलीकडे टाका, बाकीचं जमीन बघेल.

जमिनीचं न ऐकणाऱ्यांची इथं मोठी परंपरा आहे. 1921 साली अमेरिकेचा एकोणीस वर्षांचा बॉबी जोन्स ब्रिटनच्या ओपन स्पर्धेत अकराव्या होलच्या बंकरमध्ये अडकला आणि चिडून त्यानं ती फेरीच सोडून दिली. सहा वर्षांनी तो परतला, तिथंच ओपन जिंकला आणि पुढे आयुष्यभर या कोर्सवर त्याचा जीव जडला. 1958 साली गावानं त्याला मानद नागरिकत्व दिलं. 1978 साली जपानचा टॉमी नाकाजिमा सतराव्या होलवर दोन फटक्यांत ग्रीनवर पोहोचला होता. त्याचा पुट उतारावरून वळला आणि थेट बंकरमध्ये उतरला. बाहेर यायला चार फटके लागले, होलवर एकूण नऊ. तो बंकर गोल्फच्या दुनियेत अजून त्याच्या नावानं ओळखला जातो.

हिमालय, उंची एक टेकडी

स्कॉटलंडची गोल्फयात्रा आगगाडीनंही करता येते. पूर्व किनाऱ्यावर कार्नूस्टीजवळ ‘गोल्फ स्ट्रीट’ नावाचं स्टेशनच आहे. कार्नूस्टीचं मैदानही सार्वजनिक, पण स्वभाव सेंट अँड्र्यूजपेक्षा कडक. बॅरी बर्न हा ओढा शेवटच्या होलांमधून सापासारखी वळणं घेत जातो. 1999च्या ओपनमध्ये फ्रान्सचा झाँ व्हान द वेल्द अखेरच्या होलवर आला तेव्हा तीन फटक्यांनी पुढे होता. सहा फटक्यांतही विजेतेपद त्याचंच होतं. त्यानं सात घेतले. मधल्या काळात तो बूटमोजे काढून, पँट दुमडून ओढ्यात उतरला होता आणि पाण्यातल्या चेंडूकडे बघत उभा होता. प्लेऑफमध्ये जिंकला तो पॉल लॉरी, दिवसाच्या सुरुवातीला दहा फटक्यांनी मागे असलेला, जवळच्याच अ‍ॅबर्डीनचा गडी. इथं येणारा प्रत्येक पाहुणा अठराव्या होलवर त्या जागी थांबून ओढ्यात डोकावतो.

पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविक. स्टेशनला खेटून. पहिल्या होलच्या उजव्या हाताला रुळांची भिंत, म्हणून होलचं नावच ‘रेल्वे’. 1860 साली जगातली पहिली ओपन स्पर्धा इथं झाली. बारा होलांचा कोर्स, आठ खेळाडू, एका दिवसात तीन फेऱ्या. विली पार्क 174 फटक्यांत जिंकला आणि त्याला लाल चामड्याचा पट्टा मिळाला. पुढे गर्दी आवरेना म्हणून 1925नंतर ओपन इथं परतली नाही.

प्रेस्टविकच्या पाचव्या होलचं नाव मात्र आपल्याकडच्या माणसाला हसवतं: ‘हिमालयाज’. टीसमोर वाळूची एक मोठी टेकडी, तिच्यापलीकडे ग्रीन. झेंडा दिसत नाही, काहीच दिसत नाही. टेकडीवरच्या खुणेच्या रोखानं चेंडू मारायचा आणि नशिबावर हवाला ठेवायचा. पलीकडे खेळ आटोपलेले लोक घंटा वाजवतात. घंटा ऐकू आली की मागच्यांनी मारायचं. घंटा विसरली तर कुणाच्या तरी डोक्यावर चेंडू. खरा हिमालय पाहिलेल्यांनी या उंचवट्याला नाव ठेवावं, पण चेंडू त्यापलीकडे नाहीसा होताना पोटात येणारा गोळा अगदी खरा असतो.

आणखी एक ‘हिमालयाज’ सेंट अँड्र्यूजमध्ये आहे. ही नुसती पुट मारायची, लाटालाटांची हिरवळ. 1867 साली बायकांनी तिथं स्वतःचा क्लब काढला, कारण मोठ्या क्लबांची दारं त्यांना बंद होती. क्लब खांद्याच्या वर उचलणं हे त्या काळी बाईमाणसाला शोभेसं मानलं जात नसे. गायरान सगळ्यांचं असलं तरी त्याच्या काठावरच्या इमारती सगळ्यांच्या नव्हत्या. रॉयल अँड एन्शंट क्लबनं महिलांना सदस्यत्व द्यायचं ठरवलं ते 2014 साली. एडिंबराजवळच्या म्यूरफील्डनं 2016मध्ये नकार दिला, ओपनच्या मैदानांच्या यादीतून नाव गेलं, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा मतदान घेऊन दार उघडलं. 2022मध्ये महिलांची ओपन तिथंच झाली.

दलदलीत लिंक्स

गोल्फनं ब्रिटनबाहेर पाय रोवला तो भारतात. 1829 साली कलकत्त्यात क्लब निघाला, डमडमला. ब्रिटनबाहेरचा हा सर्वांत जुना गोल्फ क्लब. 1842 साली मुंबईतही निघाला, पण तो काळाच्या ओघात संपला. कलकत्त्याचा टिकला, वाढला, टॉलीगंजला हलला आणि 1911 साली पाचव्या जॉर्जनं दिलेल्या ‘रॉयल’ या बिरुदासह आजही उभा आहे. त्याला टिकवणाऱ्यांत ताग होता. हुगळीकाठच्या तागगिरण्यांचे व्यवस्थापक, इंजिनियर मोठ्या संख्येनं स्कॉटलंडच्या डंडीचे. डंडी ते सेंट अँड्र्यूज हे अंतर खाडी ओलांडली की संपतं. ही माणसं बंगालच्या चिखलात आपलं गायरान शोधत होती.

चिखलात लिंक्स कशी व्हावी? बंगालची जमीन सपाट, खणलं की पाणी. म्हणून खणायचं आणि निघालेल्या मातीनं टी आणि ग्रीन उंच करायच्या. खड्ड्यांत पाणी साठलं, त्यांना ‘टँक’ म्हणतात. रॉयल कलकत्त्यावर पहिल्यांदा खेळणाऱ्याला वाळू कमी आणि पाणी जास्त भेटतं. सकाळच्या दमट हवेत जड झालेला चेंडू, कमळाचं तळं, काठावर बगळे आणि तळ्यातून चेंडू काढून विकणारी पोरं. खेळ डंडीचा, पण जमीन कुणाची आहे हे चौथ्या होलपर्यंत पुरतं कळलेलं असतं.

इंग्रज डोंगरात गेला तिथं खेळही गेला. सिमल्याजवळ नालदेहऱ्याच्या देवदारांत लॉर्ड कर्झनला जागा इतकी आवडली, की 1904 साली जन्मलेल्या मुलीचं नाव त्यानं अलेक्झांड्रा नालदेरा ठेवलं. नऊच होल, पण एकही सपाट नाही. मधोमध महूनागाचं देऊळ. गोल्फर आणि भाविक एकमेकांना वाट देत चालतात. गुलमर्गला सुमारे साडेआठ हजार फुटांवर हवा विरळ, चेंडू नेहमीपेक्षा लांब जातो आणि खेळणाऱ्याचा स्वतःबद्दलचा गैरसमजही. शिलाँगचा कोर्स 1898चा, 1924 साली अठरा होलांचा झाला. पाइनच्या दरीत पसरलेल्या या हिरवळीवर संध्याकाळी शहर फिरायला येतं. भारतात सेंट अँड्र्यूजच्या रविवारची आठवण व्हावी अशी जागा हीच.

दिल्ली गोल्फ क्लबचं प्रकरण वेगळं. फेअरवे अरुंद, दोन्ही बाजूंना काटेरी झाडोरा, त्यात मोर. चेंडू झुडपात गेला की तो मोरांचा. म्हणून लांब मारणारे भलेभले व्यावसायिकही इथं टीवर मोठा ड्रायव्हर बाहेर काढत नाहीत. झुडपांमधून डोकावतात जुन्या कबरी आणि घुमट. आवारातल्या ‘लाल बंगल्या’त बादशहा शाहआलमच्या आईची कबर असल्याचं मानलं जातं. म्हणजे महादजी शिंद्यांनी 1772 साली ज्याला दिल्लीच्या तख्तावर परत आणून बसवलं, त्या बादशहाच्या आईची. पानिपतानंतरच्या दहाबारा वर्षांचं राजकारण आठवणाऱ्या मराठी गोल्फरला तिथं पुट मारताना चित्त एकाग्र करणं अवघडच.

मागच्या दारानं

मुंबईत ताडदेवला विलिंग्डन क्लब 1918 साली निघाला, तो गोऱ्यांसोबत हिंदी सदस्यांनाही घ्यायचं ठरवूनच. त्या काळी हे मोठं धाडस. पण दार उघडलं ते संस्थानिक आणि शेटसावकारांना. खेळाचं गायरानपण समुद्र ओलांडताना गळून पडलं होतं. फार नंतर सिडकोनं खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी सार्वजनिक कोर्स केला, तिथं फी भरून बाहेरच्यालाही खेळता येतं. अशी उदाहरणं थोडी. मोठ्या शहरांतून फिरणाऱ्या पाहुण्या गोल्फरला आधी कुणीतरी ओळखीचा सदस्य शोधावा लागतो.

एक बाजूचं दार छावण्यांमधून होतं. देवळालीपासून महूपर्यंत लष्करी गावांत कोर्स होते आणि अधिकाऱ्यांच्या मुलांना ते खुले होते. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी लष्करी डॉक्टरचा मुलगा. वडिलांच्या बोटाला धरून तो या मैदानांवर आला.

दुसरं दार मागचं. बॅग वाहणारे कॅडी आणि गवत राखणारे माळी त्या दारानं आत येत. पाहुण्याला परक्या कोर्सची खरी ओळख होते ती यांच्याकडूनच: कुठल्या ग्रीनचा उतार डोळ्यांना फसवतो, पावसानंतर चेंडू किती धावतो, कुठल्या झुडपाकडे ढुंकूनही बघायचं नाही. दिल्लीत कॅडी म्हणून वाढलेला अली शेर 1991 साली दिल्ली गोल्फ क्लबवरच इंडियन ओपन जिंकला. त्याआधी 1965 साली बिल्लू सेठी जिंकले होते, पण ते हौशी खेळाडू. भारतीय व्यावसायिकानं ही स्पर्धा जिंकण्याची ती पहिली वेळ.

शिव शंकर प्रसाद चौरसियाचे वडील रॉयल कलकत्त्यावर माळी होते. कोर्स रिकामा झाला की मुलगा खेळायचा. लांब मारायची ताकद नव्हती, म्हणून ग्रीनजवळचे बारीकसारीक फटके त्यानं घासूनपुसून घेतले. पुढे मित्रांनी नावच पाडलं ‘चिपपुटसिया’. 2008 साली दिल्ली गोल्फ क्लबच्या अरुंद गल्ल्यांमध्ये इंडियन मास्टर्स ही युरोपियन टूरची भारतातली पहिली स्पर्धा झाली. जगभरचे लांब मारणारे झुडपांत चेंडू शोधत राहिले आणि चौरसिया जिंकला. टँकांच्या काठी वाढलेल्याला वाकडी जमीन नवी नव्हती.

2015च्या इंडियन ओपनमध्ये त्याच मैदानावर लष्करी डॉक्टरचा मुलगा आणि माळ्याचा मुलगा प्लेऑफमध्ये समोरासमोर आले. लाहिरी जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच मैदान, पुन्हा तेच दोघे. या वेळी चौरसिया दोन फटक्यांनी पुढे आणि लाहिरी दुसऱ्या जागेवर. 2017 साली स्पर्धा गुरुग्रामला गेली आणि चौरसियानं ती सात फटक्यांनी राखली.

आपल्याकडच्या काही क्लबांत सोमवारी मैदान सदस्यांना बंद असतं. गवत कापलं जातं, पाणी घातलं जातं, आणि त्या दिवशी कॅडी खेळतात. फाटकापाशी सायकली लागतात. चौघांत मिळून एक बॅग. तीत कुणी टाकून दिलेला सात नंबरचा आयर्न, दांडा बदललेला पुटर, तळ्यातून काढलेले चेंडू. बॅग कुणी वाहायची यावर थोडी हुज्जत होते. मग पहिल्या टीवर एकजण उभा राहतो. आठवडाभर दुसऱ्याला सांगितलेलं सगळं आज त्याला स्वतःला करून दाखवायचं असतं, आणि बाकीचे तिघे त्याची चूक पकडायला टपून बसलेले असतात.